हळदीचा डाग उन्हात उडतो, मग कांजिण्यांचा का नाही?

होळीच्या आसपास आमच्या सांगलीत दोन गोष्टी जोडीने येतात. मार्केट यार्डात नवी हळद आणि शाळांमध्ये कांजिण्या. हळदीची आवक पेपरात छापून येते, कांजिण्यांची आवक वर्गातल्या रिकाम्या बाकांवरून कळते. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवल्यामुळे हे दोन्ही हंगाम मला तोंडपाठ आहेत.

यंदा मात्र कांजिण्या आमच्याच घरात शिरल्या. भाची तेवीस वर्षांची, लग्न वैशाखात ठरलेलं. ताप उतरला, खपल्या पडल्या आणि ताईचा फोन आला. "अगं, पोरगी बरी झाली, पण तोंडावर बघ कसे ठिपके ठिपके राहिलेत. लग्नाला अडीच महिने उरलेत. हळद लावू का? शेजारच्या काकी म्हणतात लिंबू चोळ. मेडिकलवाला म्हणतो, एक ट्यूब आहे, आठ दिवसांत चेहरा साफ."

एका दमात तीन उपाय. त्यातल्या एकाने फारसं काही बिघडणार नव्हतं, उरलेल्या दोघांनी लग्नातले फोटो नक्की बिघडले असते. ताईला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे खाली जिथे "डॉक्टरला दाखवा" म्हटलंय तिथे खरंच दाखवा.

डाग वेगळा, वण वेगळा

आपल्या भाषेने हे काम आधीच करून ठेवलंय, आपण वापरत नाही एवढंच. "डाग" म्हणजे रंगातला फरक. "वण" म्हणजे कातडीच्या घडणीतला फरक, खड्डा किंवा उंचवटा. कांजिण्यांनंतर दोन्ही राहू शकतात. पण दोघांची कारणं वेगळी, मुदत वेगळी आणि उपायही वेगळे.

ओळखायचं कसं? डोळे मिटा आणि त्या जागेवरून बोटाचं टोक हलकेच फिरवा. काहीच लागलं नाही तर तो डाग. बोट किंचित खाली गेलं किंवा अडलं तर वण. शंका असेल तर अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च गालाच्या बाजूने धरा. खड्डा असेल तर त्याची सावली पडते, डागाची पडत नाही. भाचीच्या चेहऱ्यावर आम्ही असे सव्वीस ठिपके मोजले. त्यातले चोवीस डाग निघाले, वण फक्त दोन. तेवढ्यानेच ताईचा आवाज निम्मा खाली आला.

वणाचा नमुना बहुतेकांच्या दंडावर असतो, बीसीजीच्या लशीचा. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांच्या दंडावर देवीच्या लशीचा गोल वणही सापडेल. "देवी काढल्या" म्हणायचे त्याला. हे वण जातील अशी अपेक्षा कुणी कधी केली नाही, आणि ते गेलेही नाहीत.

देवींची भीती कांजिण्यांच्या माथी

मला कांजिण्या झाल्या १९७४ साली. आई रात्रभर उशाशी बसून होती. खाजेची तिला फिकीर नव्हती, या देवी तर नाहीत ना, एवढंच ती बघत होती. त्या वर्षी देशात देवींची मोठी साथ होती. शेवटी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझा सदरा वर करून पाठ पाहिली आणि निकाल दिला, "कांजण्या आहेत, घाबरू नको." त्यांचं निदान अगदी शास्त्रशुद्ध होतं. देवींचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट येतात आणि एका भागातले सगळे फोड एकाच अवस्थेत असतात. कांजिण्या छाती-पाठीवर जास्त येतात आणि घोळक्याघोळक्याने येतात. एकाच वेळी कुठे नुसता लाल ठिपका, कुठे पाण्याने भरलेली पुटकुळी, कुठे खपली.

भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवी जगातून गेल्याचं जाहीर केलं. रोग गेला, भीती मात्र मागे राहिली आणि ती कांजिण्यांना चिकटली. देवीचे फोड खोल जात, कातडीतल्या तेलग्रंथींचा नाश करत, म्हणून चेहरे कायमचे खडबडीत होत. कांजिण्यांचा विषाणू संपूर्ण वेगळ्या घराण्यातला. ओठाला जर (पाण्याचे बारीक फोड) येते ना, त्या विषाणूचा हा भाऊबंद. नाव व्हॅरिसेला झोस्टर. त्याचं बहुतेक काम कातडीच्या वरच्या परतीतच चालतं. म्हणून मध्ये कुणी खोडा घातला नाही तर बहुतेक पुटकुळ्या वण न ठेवता बऱ्या होतात.

पूर ओसरल्यावरची भिंत

२०१९ च्या पुरात ज्यांच्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं त्यांना ही उपमा उलगडून सांगावी लागणार नाही. पाणी ओसरल्यावर काही भिंतींवर नुसती मातकट रेघ राहिली. रंगाचा एक हात दिला की गेली. काही भिंतींत पाणी गिलाव्यात मुरलं होतं. वरून रंग दिला तरी आतली ओल महिनोन् महिने डोकावत राहिली. आणि काही ठिकाणी गिलावाच फुगून खाली आला. तिथे रंगाचा कितीही भारी डबा आणा, भिंत सपाट दिसत नाही.

कातडीचंही असंच आहे. वरची पातळ परत म्हणजे भिंतीचा रंग. ती सतत नवी होत असते. तळाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकतात आणि महिना-दीड महिन्यात झडून जातात. तिच्या खालची जाड परत म्हणजे गिलावा. कोलॅजन नावाच्या चिवट धाग्यांनी ती विणलेली असते.

दोन्ही परतींच्या सीमेवर, वरच्या परतीच्या अगदी तळाला, काही पेशी बसलेल्या असतात. मी वर्गात त्यांना "रंगारी" म्हणायची. त्या मेलॅनिन नावाचा तपकिरी-काळा रंग तयार करतात आणि शेजारच्या पेशींना वाटतात. उन्हापासून आतल्या पेशींचं रक्षण व्हावं म्हणून ही छत्री. पण रंगारी ऊन पाहूनच कामाला लागतो असं नाही. कातडीला कुठेही दाह झाला, म्हणजे सूज, लाली, आग, की जखमेच्या जागी जी रसायनं सुटतात त्यांनीही तो बिथरतो आणि भसाभस रंग ओतत सुटतो. डास चावला, मुरुम फुटला, सायलेन्सरचा चटका बसला, तरी मागे काळं राहतं ते यामुळेच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर याला पोस्ट-इन्फ्लेमेटरी हायपरपिगमेंटेशन म्हणतात. अर्थ एवढाच, दाहानंतरचा काळेपणा. पुढे मी नुसतं काळा डाग म्हणेन.

कांजिण्यांत अंगावर अडीचशे ते पाचशे पुटकुळ्या सहज येतात. म्हणजे अडीचशे ते पाचशे ठिकाणी रंगाऱ्याला चिथावणी. त्यातल्या बहुतेक ठिकाणी जादाचा रंग वरच्या परतीतच राहतो. ही मातकट रेघ. डाग तपकिरी दिसतो आणि परत झडेल तसा तोही झडतो. काही ठिकाणी रंग सीमा ओलांडून गिलाव्यात सांडतो. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी तो गिळतात खऱ्या, पण गिळून तिथेच बसून राहतात. असा डाग निळसर-करडा दिसतो आणि त्याला वर्षं लागतात. आणि जिथे फोड खोल गेला, पिकला किंवा नखाने उखडला गेला, तिथे कोलॅजनची वीणच तुटते. गिलावा पडला, म्हणजे खड्डा राहिला.

सावळ्या कातडीची गोष्ट

इंटरनेटवर कांजिण्यांच्या डागांचे फोटो शोधले तर निम्म्याहून अधिक गोऱ्या कातडीचे असतात. त्यांच्याकडे डाग गुलाबी-लाल दिसतो आणि काही आठवड्यांत फिका पडतो. ते वाचून आपल्याकडची आई म्हणते, माझ्या मुलीचे दोन महिने झाले तरी काळेच आहेत, काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काही नसतं. रंगारी पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळपास सारखीच असते, पण आपल्याकडचे रंगारी जास्त रंग बनवतात आणि तो मोठ्या गोळ्यांमध्ये भरून पेशींना देतात. कामसू गडी आहेत. चिथावणी मिळाली की तेही जोरात. एरवी हेच रंगारी आपल्याला आटपाडी-जतच्या उन्हात राबताना भाजण्यापासून वाचवतात, तेव्हा त्यांच्यावर फार राग धरू नये.

काहींच्या अंगावर उलटं होतं आणि पांढरट ठिपके राहतात. घरात लगेच कुजबुज, कोड तर नाही ना? दाहाने रंगारी कधी बिथरतो तसा कधी दमतोही. रंग तयार होत नाही किंवा शेजारच्या पेशींपर्यंत पोहोचत नाही. असे ठिपके फिकट असतात, खडूसारखे पांढरेफेक नसतात, आणि जिथे पुटकुळी होती तेवढ्याच जागी राहतात. काही महिन्यांत रंग परत येतो. ठिपके पसरू लागले, जिथे फोड नव्हता तिथेही उमटले किंवा अगदी दुधासारखे पांढरे दिसू लागले, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते खास दिव्याखाली पाहून फरक सांगतात. आणि दही किंवा मासे खाल्ल्याने पांढरे डाग पडतात, फोडणीच्या वासाने वण राहतात, हे सगळं सोडून द्या. पोटातल्या दह्याची या रंगाऱ्याशी गाठ पडत नाही.

आणखी एक जुनी भीती, डाग असेपर्यंत पोरीला चारचौघांत नेऊ नये. कांजिण्यांचा संसर्ग पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून शेवटच्या पुटकुळीवर खपली धरेपर्यंत असतो. सगळ्या खपल्या सुकल्या की संपला. डाग कुणाला लागत नाही.

हळद, लिंब आणि लिंबू

आता ताईच्या प्रश्नाकडे. सांगलीत बसून हळदीविरुद्ध बोलणं म्हणजे पंढरपुरात विठोबाशी भांडण. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षं न किडता राहायची. त्या हळदीत गुण आहेतच. तिच्या पिवळ्या रंगातलं कुर्क्युमिन प्रयोगशाळेत दाह कमी करताना दिसलं आहे. अडचण अशी की ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि कातडीतून आत फारसं शिरत नाही. रंगारी बसलाय तळाला, हळद बसली वर. डाग पिवळा दिसतो म्हणून काळा कमी वाटतो. धुतलं की जैसे थे.

पण याच हळदीकडून एक धडा घेण्यासारखा आहे. पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला की नवशिका माणूस लगेच साबण घासतो आणि डाग पिवळ्याचा लालभडक होतो, कारण क्षारात कुर्क्युमिन रंग बदलतं. जाणती बाई एकदा पाण्याने धुऊन सदरा उन्हात टाकते. उन्हाने कुर्क्युमिन मोडतं आणि संध्याकाळपर्यंत डाग उडतो. आता हे कांजिण्यांच्या डागाला लावून पाहा. घासल्याने चिडणं दोघांचं सारखं, उन्हात मात्र उलटा कारभार. हळदीचा रंग निर्जीव आहे, ऊन लागलं की विटतो. कातडीतला रंग जिवंत पेशी बनवते, आणि ऊन हा तर तिचा मूळ मालक. ऊन पडलं की ती आणखी रंग काढते. "उन्हात बस, डाग वाळून जातील," असं सांगणाऱ्या आजीच्या डोक्यात सदरा असतो.

लिंबाच्या बाबतीत मोठा घोटाळा भाषेचाच आहे. आमच्या भागात लिंब म्हणजे कडुनिंब. आजी म्हणाली "लिंब लाव", आणि पुण्यात शिकलेल्या नातवाने फ्रीजमधलं लिंबू कापलं, असं मी प्रत्यक्ष पाहिलंय. लिंबाचा पाला पाण्यात टाकून आंघोळ केली तर बरं वाटतं, आणि खाज सुटल्यावर डहाळीने हलकेच झाडून घेणं नखांपेक्षा केव्हाही चांगलं. डाग जाण्याशी त्याचा संबंध नाही, पण तोटाही नाही. लिंबू मात्र कच्च्या कातडीवर आम्ल ओतल्यासारखं आहे. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि मागे नवे काळे डाग पडतात. डाग घालवायला गेलो आणि डागांचीच लावणी करून आलो, असा प्रकार. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा आणि घासायचे स्क्रब यांचंही तेच. खोबरेल तेलाने कोरडी कातडी मऊ होते, तेवढ्यासाठी जरूर लावा. ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल फोडून लावण्याचा अलीकडे नाद आहे. त्याने वण गेल्याचा भरवशाचा पुरावा नाही, काहींना ॲलर्जी होऊन खाज मात्र उठते.

आठ दिवसांत चेहरा साफ करणारी ट्यूब

इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझा राग इथे आहे.

त्या ट्यूबमध्ये बहुधा तीन औषधं एकत्र असतात. रंग कमी करणारं हायड्रोक्विनोन, वरची परत लवकर झडवणारं ट्रेटिनॉइन आणि दाह दाबणारं स्टिरॉइड. तिन्ही खरी औषधं आहेत आणि त्वचारोगतज्ज्ञ ती मोजून, ठरावीक आठवड्यांसाठी देतातही. बिघाड होतो तो ती साबणासारखी वापरल्यावर. पहिल्या आठ दिवसांत चेहरा खरंच उजळ आणि गुळगुळीत दिसतो. म्हणून ट्यूब मैत्रिणीला सुचवली जाते. पुढच्या काही महिन्यांत कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, चेहऱ्यावर लव वाढते, आणि थांबवलं की आग होऊन सगळं दुप्पट उलटतं. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं चोळत राहिलं तर निळसर-काळे न जाणारे डाग पडू शकतात. आणि पुटकुळ्या ओल्या असतानाच स्टिरॉइडचं मलम लावलं तर विषाणूला रान मोकळं मिळतं.

२०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडच्या मलमांची विक्री डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय करायची नाही असा नियम केला. नियम कागदावर चोख आहे. ताईला चिठ्ठी कुणी विचारली नव्हती. ट्यूबवर बारीक अक्षरात मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल असं काही लिहिलेलं दिसलं तर ते स्टिरॉइड आहे असं समजा. ज्या "गोरं करणाऱ्या" क्रीमच्या डबीवर घटकच छापलेले नाहीत ती तर घरातही आणू नका. अशा काही क्रीममध्ये पारा सापडला आहे आणि पाऱ्याने मूत्रपिंडं बिघडलेले रुग्ण आपल्या देशातही नोंदले गेले आहेत.

"मग काहीच लावायचं नाही का?"

लावायचं, पण ते घालवणारं नसून आवरणारं. ऊन आवरायचं. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर रेघ ओढाल इतकं, सकाळी एकदा आणि बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. आपल्या कातडीचे रंगारी नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही जागे होतात. त्यासाठी कातडीच्या रंगाचं, लोहाचा ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन अधिक उपयोगी. पांढरं सनस्क्रीन लावून भुतासारखं दिसण्याची तक्रारही त्याने मिटते. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही मोजा. काच सगळे किरण अडवत नाही. स्कूटरवर मुली डोक्यापासून मानेपर्यंत स्कार्फ गुंडाळतात, त्याची घरातले पुरुष चेष्टा करतात. डागांसाठी त्याहून स्वस्त आणि चांगला उपाय मला माहीत नाही.

सोबत साधं मॉइश्चरायझर. एवढ्यावर तपकिरी डाग काही महिन्यांत फिके पडू लागतात, बहुतेकांचे सहा महिने ते वर्षभरात नजरेआड होतात. लग्नासारखी घाई असेल तर त्वचारोगतज्ज्ञ ॲझेलेइक ॲसिड, नायसिनामाइड, ॲडापालीन अशी सौम्य औषधं देतात. त्यांनाही आठवडे लागतात. गरोदरपणात यातली काही चालत नाहीत, तेव्हा आधीच सांगायचं. मोठी ब्लीच आणि फेशियल नव्या कातडीवर नकोच. लहान मुलांना टोपी आणि वेळ, बास.

खड्डा पडलाच असेल तर

माझ्या डाव्या भुवईशेजारी १९७४ सालचा एक खड्डा आहे. तो का राहिला हे मला नक्की ठाऊक आहे, कारण ती खपली मी भूगोलाच्या पुस्तकाच्या कोपऱ्याने काढली होती.

क्रीमने खड्डा भरत नाही, हे एकदा मनाशी पक्कं करा. रंगाच्या डब्याने गिलावा होत नाही. पण कोलॅजनची डागडुजी शरीर स्वतःहून महिनोन् महिने करत असतं, म्हणून पहिले सहा महिने ते वर्ष खड्ड्याला हात लावायची घाई नको. त्यानंतरही डाचत असेल तर उपाय आहेत. खड्ड्याच्या तळाला खाली ओढून धरणारे धागे सुईने आतून सोडवतात. अरुंद खोल खड्ड्यात तीव्र आम्लाचा नेमका थेंब ठेवून नवं कोलॅजन धरायला लावतात. बारीक सुया किंवा लेझरने हीच डागडुजी पुन्हा सुरू करतात. अगदी खोल असेल तर तेवढा भाग गोल कापून शिवतात. खड्डा उथळ होतो, पुसला जात नाही. आणि सावळ्या कातडीवर लेझर जास्त झाला तर तो स्वतःच दाह, म्हणजे पुन्हा काळा डाग. हे काम पार्लरमध्ये नव्हे, शिकलेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे. खड्ड्याऐवजी गाठ वाढू लागली, विशेषतः छातीवर किंवा खांद्यावर, तर ती कापून टाकण्याचा आग्रह धरू नका, कापलेली गाठ बरेचदा आणखी मोठी होऊन येते.

ज्यांच्या घरात पुटकुळ्या आत्ता ओल्या आहेत

वण राहणार की नाही याचा बराचसा फैसला याच आठवड्यात होतो. पुस्तकात कांजिण्यांच्या पुटकुळीला गुलाबपाकळीवरचा दवबिंदू म्हणतात. दव टिकेपर्यंत सगळं ठीक. त्यात नखातले जंतू शिरले की पू होतो, जखम गिलाव्यापर्यंत उतरते आणि खड्डा पडतो. म्हणून मुलांची नखं रोज कापा, रात्री सुती मोजे हातात घाला. "खाजवू नको" हे सांगणं सोपं आहे, पण चार वर्षांच्या पोराला ते जमत नाही. खाज कमी करा. कॅलामाइन लोशन, थंड पाण्याची पट्टी, सैल सुती कपडे, झोप येणारी खाजेची गोळी डॉक्टरला विचारून.

आणि आंघोळ घाला. खपल्या पडेपर्यंत अंगाला पाणी लावायचं नाही हा नेम अजून बऱ्याच घरांत पाळतात. कोमट पाण्याने, न चोळता, टिपून पुसत रोज आंघोळ घातली तर जंतू कमी राहतात आणि खाजही. पाण्यात लिंबाचा पाला टाकायचा असेल तर टाका, म्हणजे घरातल्या थोरांचंही समाधान.

तापाला पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही. कांजिण्यांत त्याने यकृत आणि मेंदूवर परिणाम करणारा एक दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो. आयब्युप्रोफेनही टाळा, कातडीच्या गंभीर जंतुसंसर्गाशी त्याचा संबंध आढळला आहे. मोठ्या माणसांना कांजिण्या जोरात होतात. त्यांनी पुरळ दिसल्यापासून २४ तासांच्या आत डॉक्टर गाठावा, कारण एसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध लवकर सुरू केलं तरच खरं उपयोगी पडतं. आमच्या भाचीने "उष्णता झाली असेल" म्हणत तीन दिवस काढले. गरोदर बाई, तान्हं बाळ, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेला माणूस घरात असेल तर एक तासही वाट पाहू नका. फोडाभोवतीची कातडी लाल, गरम, दुखरी झाली, ताप उतरून पुन्हा चढला, दम लागला किंवा मूल गुंगीत गेलं तर थेट दवाखाना.

"लहानपणी येऊन गेलेल्या बऱ्या"

हे मीही म्हणत असे. लहानपणी त्रास कमी होतो हे खरं, पण कांजिण्या येऊन जातात हे खरं नाही. विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून बसतो आणि पन्नाशी-साठीत, शरीर थकलं की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने बाहेर पडतो. त्यालाच आपण नागीण म्हणतो. तिच्या वेदनेपुढे कांजिण्यांची खाज म्हणजे लाड.

मी भुवईजवळची खपली काढत होते त्याच १९७४ साली जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी कांजिण्यांची लस पुढे आणली. त्यांच्या स्वतःच्या मुलाला कांजिण्यांचा जबर त्रास झाला होता, तिथून त्यांचं हे काम सुरू झालं. आज भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन डोस सांगते, पहिला १५ महिन्यांचं मूल झाल्यावर, दुसरा त्यानंतर तीन-चार महिन्यांनी. सरकारच्या मोफत लसीकरणात ती नाही, म्हणून पुष्कळ घरांपर्यंत तिचं नावच पोहोचत नाही. ज्या मोठ्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत त्यांनाही ती घेता येते, गरोदरपणात मात्र नाही. घरात एकाला पुरळ उठल्यावर तीन ते पाच दिवसांच्या आत दुसऱ्याला दिली तरी उपयोग होतो. लस घेऊनही काहींना कांजिण्या होतात, पण सहसा पन्नासपेक्षा कमी पुटकुळ्या. पाचशेच्या जागी पन्नास म्हणजे वणांचा हिशेब आपोआपच उतरला.

आणि हळदीच्या दिवशी?

ताईचा खरा प्रश्न हाच होता, शेवटी आडून आडून विचारला. नवरीला हळद लावायची की नाही? खपल्या सगळ्या पडल्या आहेत, कातडी कुठे ओली-उघडी नाही, तर लावायची. आधी दोन दिवस कानामागे थोडी लावून पाहायची, खाज किंवा लाली येते का ते. बाजारातलं अत्तर घातलेलं तयार उटणं नको, घरात दळलेली हळद चालेल. लावणाऱ्या बायकांना बजावून ठेवायचं की गालावर चोळायची नाही, बोट टेकवायचं. फोटोग्राफर गच्चीवर भर उन्हात कार्यक्रम मागेल, त्याला मांडवाखाली बसवायचं. दहा मिनिटांनी साध्या पाण्याने धुवायचं, साबणाने घासत बसायचं नाही.

"आणि तो पिवळा पंचा?" ताईने विचारलं.

तो टाक की उन्हात, म्हटलं.